साडेसहाचा दिवा

अस्पेन या थंड प्रदेशातल्या झाडाच्या रोपांना रोज १८ तास उजेड मिळतोय ना, हे बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे. स्वीडनच्या उत्तरेला उमेओ नावाचं शहर आहे, तिथे मी झाडांवर संशोधन करते. ग्रोथ चेंबरमध्ये, म्हणजे रोपं वाढवायच्या बंद खोलीत, कुंड्या रांगेनं मांडलेल्या असतात, वर ट्यूबलाइटी. टायमर, तापमान आणि उजेडाची तीव्रता मी रोज वहीत लिहिते. एखादी ट्यूब मंद झाली की लगेच बदलायची, कारण रोपाला ते कळतं. आणि माझ्या स्वतःच्या डोळ्यांपर्यंत दिवसाकाठी किती उजेड पोचतो, हे मी इथल्या चौथ्या हिवाळ्यापर्यंत एकदाही मोजलं नव्हतं.

मी जळगाव जिल्ह्यातली, यावलजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे ऊन ही टाळायची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बाया डोक्यावर पदर आणि माणसं रुमाल घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. केळीच्या बागेतला गारवा हीच काय ती चैन. उन्हाचीही टंचाई असते आणि तिनं माणूस आजारी पडतं, असं आमच्या ओट्यावर कुणी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्यानं मान हलवून विषय बदलला असता.

उमेओ जवळजवळ ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरात इथला दिवस रोज साधारण ६ मिनिटांनी आखूड होतो. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सव्वानऊनंतर उगवतो, दोन वाजायच्या आत मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून तीन अंश वर चढत नाही. समोर चार मजली इमारत असली की संपला विषय. तरी माझ्या मते डिसेंबरपेक्षा नोव्हेंबर वाईट. बर्फ पडला की जमीन पांढरी होते, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडसुद्धा खालून उसळून वर येतो. नोव्हेंबरात पानं झडलेली असतात, बर्फ आलेला नसतो आणि ओलं काळं डांबर होता नव्हता तो उजेड पिऊन टाकतं. आपल्याकडे मृगाची वाट पाहतात तशी इथले लोक पहिल्या बर्फाची वाट पाहतात.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली होती. मी चकल्या केल्या, खिडकीत कंदील लावला, ओवीला उटणं लावून न्हाऊ घातलं. हे सगळं करताना मला काहीच वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. कुणाच्या तरी घरची दिवाळी मी उरकून देत होते, इतकंच. नऊ-नऊ तास झोपूनही सकाळी अंग उचलत नव्हतं. दुपारी तीनला बाहेर काळोख झाला की गोडाची अशी काही ओढ लागायची की कामावरच्या स्वयंपाकघरातले दालचिनीचे बन मी उभ्याउभ्याच दोन संपवायची. ऑक्टोबरपासून वजन चार किलोंनी वाढलं होतं. शोधनिबंध वाचायला घेतला की एकच परिच्छेद तीनदा वाचायचे. सुहास साधं "मीठ कमी आहे का?" म्हणाला तरी अंगावर जायची, आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडायची.

आईला फोनवर म्हटलं, "मला कशातच गोडी वाटत नाही गं."

ती म्हणाली, "बाई, सगळं तर आहे तुझ्याजवळ. नवरा चांगला, लेक गुणाची, नोकरी. सकाळी लवकर उठत जा, देवाचं म्हण, मन रमव."

तिच्या बोलण्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण मीही स्वतःला हेच ऐकवत होते. सगळं असताना रडणारी बाई म्हणजे कृतघ्न बाई, असं माझं माझ्याबद्दल मत होऊन बसलं होतं. आजाराचा त्रास होताच, पण या मतानं त्याहून जास्त छळलं.

मला हाताला धरून वळणावर आणलं ते शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी. त्या इथल्याच, साठीला आलेल्या. एका दुपारी माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुझा नोव्हेंबर लागला वाटतं." जसं आपण म्हणतो, तुला ऊन लागलं वाटतं. त्यांच्या स्वरात ना कीव होती ना उपदेश. त्यांनीच मला सांगितलं की २०१२च्या हिवाळ्यात इथल्या वीज कंपनीनं शहरातल्या ३० बस थांब्यांवर खास प्रखर दिवे बसवले होते, बसची वाट पाहता पाहता लोकांना उजेड मिळावा म्हणून. एखादं शहर उजेडाचा तुटवडा पाणीटंचाईसारखा उघडपणे मान्य करतं, हे ऐकूनच माझी छाती थोडी मोकळी झाली.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी आधी एक फॉर्म भरायला दिला. माद्रस म्हणतात त्याला. मॉन्टगोमेरी आणि स्वीडनच्या मारी ओसबेरी यांनी १९७९ साली तयार केलेल्या मोजपट्टीचं हे रुग्णानं स्वतः भरायचं रूप. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ६ गुण. झोप, भूक, लक्ष लागणं, कामाला हात घालणं, आणि शेवटचा प्रश्न जगण्याच्या इच्छेबद्दल. माझे १७ गुण झाले. १३ ते १९ म्हणजे सौम्य नैराश्य. शेवटच्या प्रश्नाला मी शून्य लिहिलं होतं आणि ते खरं होतं. डॉक्टरांनी तरीही पेन खाली ठेवून तोच प्रश्न तोंडी विचारला. हे हिवाळी नैराश्य आहे, त्यावर रोज प्रखर दिव्याच्या उजेडात बसायचा उपचार करता येईल, पण ते शून्य नसतं तर आपण दिव्याबद्दल बोलत बसलोच नसतो, वेगळी व्यवस्था केली असती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. हा दिवा सौम्य दुखण्याचा आहे. ज्याला जगणंच नकोसं वाटतंय त्यानं घरी दिवा मागवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग त्यांनी आणखी विचारलं. कधी याच्या उलट झालंय का? म्हणजे चार-पाच दिवस झोप नको, विचार सुसाट, पैसे वारेमाप खर्च, असं? ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतं त्यांना प्रखर उजेडानं उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून हा प्रश्न. डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार? उजेडाला त्वचा किंवा डोळे हुळहुळे होतील अशी काही औषधं? तिन्हीला माझं उत्तर नाही होतं. रक्त तपासलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक निघालं, ड जीवनसत्त्व कमी होतं. त्याची गोळी वेगळी दिली. दिव्याचा आणि ड जीवनसत्त्वाचा काही संबंध नाही, हे सुहासला आणि नंतर आईला मला पुन्हा पुन्हा समजवावं लागलं. ड जीवनसत्त्व कातडीवर अतिनील किरण पडून तयार होतं, आणि या दिव्यात तेच किरण गाळून टाकलेले असतात. या दिव्याचं गिऱ्हाईक कातडी नव्हे, डोळा आहे.

"दिवा स्वतःच्या खर्चानं घ्यावा लागेल, पण चार आठवडे करून बघ. नाहीच गुण आला तर गोळ्यांचं आणि समुपदेशनाचं बोलू," असं ठरलं.

इथून माझ्या चुका सुरू होतात. मी घाईघाईनं एक देखणा छोटा दिवा मागवला. शाळेच्या पाटीएवढा, पांढरा, खोक्यावर ठळक अक्षरात '१०,००० लक्स'. लक्स हे उजेड मोजायचं एकक. रात्री ओवी झोपली की आठ-साडेआठला तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला लावून मी लॅपटॉपवर काम करायची. दहा दिवस केलं. मनाला काहीच उतारा पडला नाही, उलट झोप बिघडली. दोन-अडीचपर्यंत टक्क जागी. आता हेही नाही तर मग दोष माझ्यातच आहे, असं पुन्हा वाटायला लागलं.

अकराव्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लक्समीटर घरी आणला. हातात मावेल एवढी डबी, तिला वायरनं जोडलेली पांढऱ्या घुमटाची टिकली. मी ती टिकली दोन्ही भुवयांच्या मध्ये, कुंकवाच्या जागी धरली आणि सुहासला टेप घेऊन समोर बसवलं. त्यानं दिवा अगदी जवळ आणला. १२ सेंटीमीटर: १०,२००. म्हणजे खोक्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं, फक्त नाक दिव्याला टेकवून बसायला हवं होतं. ३० सेंटीमीटर: २,५००. मग मी रोज बसायची तितक्या अंतरावर, ५० सेंटीमीटर. आकडा ९५०वर येऊन थांबला. सुहास टेप गुंडाळत म्हणाला, "अगं, दहावा हिस्सासुद्धा नाही." खोक्यातल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात अंतर लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नव्हतं, पण ते इतकं बारीक का छापलं असेल, याचा मला अजूनही राग येतो. आजारी माणूस खोक्यावरचा मोठा आकडा बघून पैसे मोजतो.

उजेड अंतरानं झपाट्यानं घटतो हे मला शाळेपासून माहीत होतं. चेंबरमध्ये कुंडी दहा सेंटीमीटर खाली ठेवली की काय होतं हे मी रोज बघते. स्वतःच्या बाबतीत मात्र सुचलं नाही.

मग मी पिसाटल्यासारखी सगळीकडे मोजत सुटले. दिवाणखान्यात सोफ्यावर: १४०. कामाच्या टेबलावर: ३८०. ढगाळ दुपारी बाहेर बस थांब्यावर, ज्याला आपण 'अंधारून आलंय' म्हणू अशा उजेडात: १,८००. माणसाच्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते, डोळ्याचा पडदाही जुळवून घेतो. म्हणून घरात लखलखाट आहे असं आपल्याला वाटत राहतं. आपल्याकडे भर उन्हात हा आकडा १ लाखाच्या आसपास जातो. शेवटी मी मीटर ग्रोथ चेंबरमध्ये नेला आणि टिकली कुंडीतल्या रोपाच्या शेंड्यापाशी धरली. १२,०००. ते रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं. त्याला रोज १८ तास जे मिळत होतं ते मला पाच मिनिटंही मिळत नव्हतं. त्या चेंबरमध्ये, पंख्यांच्या घरघरीत, मला रडू आलं. पण ते नळ सोडून रडायचं रडू नव्हतं. काहीतरी सापडल्याचं होतं.

आता मेंदूत काय होतं ते सांगते. मला ते झाडांवरून समजलं, म्हणून तसंच सांगते.

झाड उजेडाचं दोन प्रकारे काही करतं. एक, उजेड खातं. पानांत अन्न तयार होतं. दुसरं, उजेड वाचतं. दिवस किती मोठा, रात्र किती मोठी, हे त्याला वेगळ्या रंगद्रव्यांवरून कळतं आणि त्यावरून ते ऋतू ओळखतं. आपल्याकडे शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावून फुलं लांबवतात ना, ते हेच. तेवढ्या दिव्यानं शेवंतीचं पोट भरत नाही. तिला फक्त 'अजून रात्र मोठी झालेली नाही' असा निरोप मिळतो. माझ्या अस्पेनला १८ तासांवरून १४ तासांवर आणलं की महिन्याभरात त्याची वाढ थांबते आणि शेंड्याला कळी मिटते. अन्न भरपूर असतं. तरी निरोप आला की थांबायचं.

माणसाच्या डोळ्याचंही असंच दुहेरी काम आहे, आणि त्यातलं दुसरं काम शास्त्रज्ञांना फार उशिरा सापडलं. डोळ्याच्या पडद्यावर दिसण्यासाठी दोन प्रकारच्या पेशी असतात, हे पुस्तकांत पूर्वीपासून होतं. १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या कातडीत उजेड टिपणारं एक नवं प्रथिन सापडलं, मेलनॉप्सिन. २००२ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन आणि मंडळींनी दाखवून दिलं की पडद्यावरच्या मोजक्या चेतापेशी स्वतःच उजेड ओळखतात. यांच्यात हेच मेलनॉप्सिन असतं. बघणं हे यांचं मुख्य काम नाही. किती उजेड आहे एवढंच त्या मोजतात, आकाशाच्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि मोजमाप थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या घड्याळाकडे पाठवतात. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, हजारो चेतापेशींचं हे घड्याळ बसलेलं आहे.

या घड्याळाचा दिवस २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो. म्हणून ते रोज पुढे ओढून लावावं लागतं, आणि ते काम सकाळचा उजेड करतो. सकाळी उजेडच आला नाही की घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडतं. मग भिंतीवर सात वाजलेले असतात आणि शरीरात अजून पहाटेचे चार. रात्रीचं रसायन मेलाटोनिन अजून वाहतंय, आणि बाई डब्याची पोळी लाटतेय. अंग उचलत नाही याला आळस म्हणायचं, की रात्र म्हणायचं? माझ्या संध्याकाळच्या दिव्याचा घोटाळाही यातच होता. हाच उजेड पहाटेनंतर दिला तर घड्याळ पुढे येतं, रात्री दिला तर आणखी मागे जातं. मी आधीच मागे पडलेल्या घड्याळाला रोज रात्री आणखी मागे ढकलत होते.

१९८० साली आल्फ्रेड लूई आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात घरातल्या नेहमीच्या उजेडानं माणसाचं मेलाटोनिन दबलं नाही, २,५०० लक्सच्या उजेडानं दबलं. त्यांच्याच संस्थेतल्या नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ साली हिवाळी नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. अमेरिकेच्या थंड भागात आल्यावर हिवाळ्यात आपली उभारी ओसरते हे त्यांनी स्वतःवरूनच ओळखलं होतं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला ते आधी दिसावं, याचं मला नवल वाटत नाही.

पण गोष्ट घड्याळापाशी संपत नाही. मेलनॉप्सिनवाल्या पेशींचा एक वेगळा रस्ता घड्याळाला वगळून मेंदूच्या भावनांशी निगडित भागाकडे जातो, असं २०१८ साली उंदरांमध्ये दिसलं. पुढच्या वर्षी चीनमधल्या ग्वांगझोच्या संशोधकांनी उंदरांमध्येच दाखवलं की प्रखर उजेडाचा निरोप हॅबेन्युला नावाच्या एका छोट्या भागाला शांत करतो. हा हॅबेन्युला म्हणजे मेंदूतला ब्रेक. अपेक्षा केली आणि पदरी काही पडलं नाही की तो पेटतो, आणि आनंदाशी, उमेदीशी जोडलेल्या डोपामिन व सेरोटोनिनच्या पेशींना दाबून धरतो. नैराश्यात तो गरजेपेक्षा जास्त पेटलेला राहतो. सेरोटोनिनचं आणखी एक: टोरोंटोच्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या मेंदूची छायाचित्रं वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत काढली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात सेरोटोनिन उचलून परत नेणारं प्रथिन हिवाळी महिन्यांत जास्त आढळलं. म्हणजे कामाच्या जागेवरून सेरोटोनिन लवकर उचललं जातं. चकल्या तळताना मला काहीच का वाटत नव्हतं, हे मला पहिल्यांदा या वाक्यांत सापडलं. कृतघ्नपणाचा त्यात संबंधच नव्हता.

हे सगळं वाचून मी सहकारी बाईंकडे गेले. त्यांनी तळघरातून आपला जुना दिवा काढून दिला. तो सुंदर मुळीच नव्हता. ६० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद, आत जाड ट्यूबा, पुढे दुधी प्लास्टिकचा पत्रा. मीटर लावला: ३५ सेंटीमीटरवर ९,४००. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी निळ्या चिकटपट्टीनं दोन खुणा केल्या, एक दिव्याच्या पायाला, एक माझ्या ताटलीला. दिवा डोळ्यांच्या जरा वर आणि थोडा बाजूला, उजेड वरून उतरता, जसा आकाशातून येतो तसा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून त्याच्या उजेडात आपलं काम करायचं. सकाळी साडेसहा ते सात. चहा, पोहे, ओवीची वही, जे असेल ते.

पहिले तीन दिवस भुवयांच्या वर ठणका लागला आणि डोळे कोरडे पडले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही. दोन दिवस १५ मिनिटांवर आले, मग २०, मग पुन्हा ३०. चौथ्या-पाचव्या रात्री साडेदहाला जांभया यायला लागल्या. हा पहिला फरक. मन अजून तसंच होतं, फक्त झोप जागेवर आली.

नवव्या दिवशी मी वरणाला फोडणी देत होते आणि हिंगाचा वास आला. एवढंच. पण तो वास आतपर्यंत गेला. हिंग मी रोजच घालत होते. महिनाभर तो मला आला नव्हता, हे तो आल्यावर लक्षात आलं. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. त्याच आठवड्यात ओवी दप्तर भरता भरता थांबली आणि म्हणाली, "आई, तू गुणगुणतेयस." तिच्या आवाजात जो सावध आनंद होता, त्यावरून कळलं की सात वर्षांच्या पोरीनंही महिनाभर किती सांभाळलं होतं.

चार आठवड्यांनी फॉर्म पुन्हा भरला. ७ गुण.

आता मी प्रयोग करणारी बाई आहे, त्यामुळे शंका आलीच. त्याच चार आठवड्यांत उमेओत बर्फ पडला होता. रोज सकाळी अर्धा तास शांत बसायला मिळत होतं, तेही आधी कधी मिळालं नव्हतं. गुण दिव्याचा कशावरून? हा प्रश्न व्हँकूव्हरच्या रेमंड लॅम यांनी नीट हाताळला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १२२ रुग्ण होते, आणि त्यांचं नैराश्य हिवाळ्यापुरतं नव्हतं, एरवीचं होतं. काहींना १०,००० लक्सचा दिवा आणि खोटी गोळी, काहींना फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची खरी गोळी आणि दिव्याऐवजी आतून निकामी केलेलं, नुसतं घरघरणारं खोटं यंत्र, काहींना दिवा आणि खरी गोळी दोन्ही, आणि काहींना खोटी गोळी आणि खोटं यंत्र. आठ आठवड्यांनी दिवा आणि गोळी मिळून घेणाऱ्यांना सर्वांत जास्त गुण आला, नुसत्या दिव्यालाही खोट्या उपचारापेक्षा स्पष्ट गुण आला. आधी २००६ साली त्यांनी हिवाळी नैराश्याच्या ९६ रुग्णांत दिवा आणि फ्लुओक्सेटिन समोरासमोर ठेवले होते. तिथे दोघांचा गुण सारखा ठरला. हे वाचून मला दिव्याबद्दल खात्री वाटली, तशी गोळ्यांबद्दलची भीतीही गेली. ज्याला गोळी लागेल त्यानं ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

माझ्यावरचा प्रयोग जानेवारीत आपोआप झाला. ट्यूब गेली, आणि त्या मापाची जुनी ट्यूब मिळायला बारा दिवस लागले. बाहेर बर्फ होताच, सकाळी अर्धा तास मी टेबलाशी बसतही होते, फक्त दिवा नव्हता. आठव्या दिवशी मी पुन्हा उभ्यानं दुसरा बन खात होते. नवी ट्यूब आली आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. एका माणसावरच्या प्रयोगाला किंमत किती, हे मला माहीत आहे. पण तो माणूस मी होते.

त्या बारा दिवसांत आणखी एक समजलं. अस्पेन उत्तरेचं असेल तर त्याचं माप वेगळं असतं, दक्षिणेचं असेल तर वेगळं. दक्षिणेकडचं झाड आणून उत्तरेत लावलं तर त्याला थांबायचा निरोप वेळेवर कळत नाही. ते वाढत राहतं आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत शेंड्यातून जळतं. झाड कमजोर नसतं. त्याची मोजपट्टी दुसऱ्या गावची असते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. त्या आठवड्यात मी ते आईला फोनवर सांगितलं. आमच्याकडे केळीचं आयुष्य काढलेली बाई ती. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला तिथलं पाणी मानवलं, ऊन नाही मानवलं." आणि मग, "दिवा लावलास का आज?" तेव्हापासून तिकडे अकराच्या सुमारास, जेवणाच्या आधी, तिचा फोन येतो. आमचे साडेसहा वाजलेले असतात. मी दिव्याच्या उजेडात पोहे खाते, ती भाजी निवडते.

मार्चच्या मधल्या आठवड्यात एका सकाळी मी दिवा लावला आणि तो लागलाय की नाही तेच कळेना. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, बाहेरच्या बर्फावरून उसळून छतापर्यंत गेलं होतं. मीटर अजून खणात होता. मी टिकली कपाळाला लावली. ३४,०००. ओवी आकडा वाचायला खुर्चीवर चढली. मी हात लांब करून दिव्याचं बटण बंद केलं, आणि फोनवर आई विचारत होती, "काय गं, काय झालं, गप्प का झालीस?"

"काही नाही गं," मी म्हटलं, "ऊन आलंय."